भागाबाई बाळ बसवायची

लग्नाकार्यात ओळख निघाली आणि मी नर्स आहे असं कळलं, की एक प्रश्न ठरलेला असतो: आजवर बाळंतपणं किती केली? मी आकडा सांगू शकते, कारण पहिल्यापासून मोजत आले आहे. पण आकडा ऐकून माणसं 'बापरे' म्हणतात आणि पानातल्या भाजीकडे वळतात, असा अनुभव आहे. म्हणून इथे आकडा सोडते आणि एकाच बाळंतपणाबद्दल लिहिते. गंमत म्हणजे ते माझ्या मोजणीत धरलेलंच नाही. ते भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात, डॉक्टर बाईंच्या हातावर झालं, आणि दुसऱ्याचं काम आपल्या खात्यावर धरायचं नाही हा माझा नियम आहे. तरीही नोकरीतल्या कोणत्या दिवशी सगळ्यात जास्त आनंद झाला असं कोणी विचारलं, तर मी तोच दिवस सांगेन.

आणीबाणी उठल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. तेव्हा मी तुमसरकडच्या एका उपकेंद्रावर होते. आमचे मालक जवाहरनगरच्या कारखान्यात, ते तिकडे क्वार्टरमध्ये राहत आणि रविवारी येत. मुलं आणि सासूबाई माझ्याजवळ. गावाचं नाव देत नाही, माणसांची नावं बदलली आहेत.

आधी धंद्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं समजेल. दिवस भरत आले की बहुतेक बाळं डोकं खाली करून राहतात. डोकं आधी येतं, मागून बाकीचं अंग सहज येतं. काही बाळं पायाळू असतात, त्यांचंही निभावता येतं. पण एखादं बाळ पोटात आडवं पडलेलं असतं, डोकं एका कुशीला, ढुंगण दुसऱ्या कुशीला. घरातली बाज बाहेर काढताना ती उभी धरली तर दारातून निघते, आडवी धरली तर निघत नाही. मग मागून चार माणसांनी रेटलं तरी चौकटच मोडते. आडव्या बाळाचं तसंच आहे. कळा कितीही जोरात आल्या तरी ते बाहेर येऊ शकत नाही, आणि तशात घरी राहिलं तर आई आणि बाळ दोघंही जातात.

ही चौकट मोडताना मी एकदा पाहिली होती. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या टोलीवरून, म्हणजे लहान वस्तीवरून, एका बाईला बाजेवर घालून आणलं. बाळाचा एक हात बाहेर आला होता. नाला भरलेला, बस बंद. तिला भंडाऱ्याला नेईपर्यंत काही उरलं नाही. ती एकोणीस वर्षांची होती. तेव्हापासून पोट तपासताना डोकं हाताला नीट लागलं नाही, की मला पहिल्यांदा तो हात दिसतो.

अनुसयेचं हे तिसरं. आधीची दोन बाळंतपणं घरी, सरळ झालेली. घर धानाच्या शेतीचं, नवरा सदाशिव आणि सासू गिरजाबाई. आठवा संपताना तिचं पोट पाहिलं तर उंचीला कमी आणि रुंदीला जास्त. हात लावला तेव्हा उजव्या कुशीत कवठासारखं गोल, टणक डोकं. खाली, जिथं डोकं असायला हवं, तिथं पोकळ. बाळ आडवं होतं.

आमच्या प्राथमिक केंद्रावर आठवड्यातून एकदा, हाटाच्या दिवशी, भंडाऱ्याहून डॉक्टर बाई येत. त्यांनी तपासलं. रक्त गेलेलं नाही, पोटावर जुनं ऑपरेशन नाही, बाळाचे ठोके चांगले. तेव्हा त्यांनी पोटावरून, बाहेरूनच, दोन्ही हातांनी हळूहळू बाळ फिरवलं आणि डोकं खाली आणलं. मी नळी लावून ठोके मोजत होते. मिनिटाला एकशे वीसच्या खाली किंवा एकशे साठच्या वर गेले की ताबडतोब सांगायचं, हे माझं काम. ते एकशे चाळीसच्या आसपास राहिले. (हे वाचून कोणी घरी करून पाहू नये. हे डॉक्टरांचं काम, आणि तेही ऑपरेशनची सोय हाताशी असेल तेव्हाचं. आमच्या केंद्रावर ती नव्हती. डॉक्टर बाई जीप दाराशी उभी ठेवून ते करत, आणि त्या काळी तेवढंच होतं.)

अनुसया खूश होऊन घरी गेली. पुढच्या हाटाला आली तेव्हा बाळ पुन्हा आडवं.

डॉक्टर बाईंनी पुन्हा फिरवलं. पुढच्या हाटाला पुन्हा आडवं. आम्ही सगळ्या शक्यता पाहिल्या. लघवी तुंबलेली नव्हती. तिसऱ्या खेपेचं पोट सैल असतं, त्यात बाळ डोलतं, हे एक कारण असू शकत होतं. डॉक्टर बाई म्हणाल्या, असंच राहिलं तर सिझर करावं लागेल, घरच्यांच्या कानावर घालून ठेवा.

ते कानावर घालणं फार कठीण होतं. त्या दिवसांत आमच्या भागात ऑपरेशन या शब्दाचा एकच अर्थ होता, नसबंदी. दोन-तीन वर्षांपूर्वी आणीबाणीत जे झालं होतं ते लोक विसरले नव्हते, आणि खरं सांगायचं तर विसरण्यासारखं नव्हतंही. पांढरी साडी दिसली की तरुण माणसं मागच्या दारानं निघून जात. गिरजाबाईंनी मला अंगणातच थांबवलं.

"बाई जी, लेकरू आडवं हाय म्हनून सांगता, अन् सुनेले नेऊन कापून टाकता. मले ठावं हाय सारं. भागाबाई करन माह्या घरचं बायतपन. सदाशिवले तिनंच काढलं."

अनुसया आतल्या दारात उभी होती. मी निघाले तेव्हा ती नाल्यापर्यंत माझ्याबरोबर आली आणि तिनं एवढंच विचारलं, "सरळ नाही होऊ शकत का जी? दोन झाले तसं?"

होऊ शकतं, असं मी म्हणाले. हमी देता येत नव्हती, म्हणून दिली नाही.

दोन दिवसांनी मी तिच्या घरी पुन्हा तपासायला गेले, तेव्हा तिच्या पोटाला एक वास आला. मोहाच्या बियांच्या तेलाचा. हे तेल आमच्याकडे घरोघरी असतं आणि वास लपत नाही. पोट चमकत होतं. तेल कोणी लावलं, असं मी विचारलं.

"भागामाय येते नं दर दोन दिसानं. आंग धुतल्यावर. लेकरू बसवते."

"बसवते म्हणजे?"

"डोस्कं वर, कुल्ले खाली. मानूस बसते तसं."

हे मला आधी का सांगितलं नाहीस, असं विचारलं, तर ती गोंधळली.

"कायले सांगाव जी? तुमी बी पोट फिरवता, थे बी फिरवते. मले वाटलं तुमी दोघी एकच काम करून राह्यल्या."

भागाबाई ही गावची सुईण. वय साठीच्या पुढे, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर बोडीच्या तळ्यापलीकडे ऐकू जावी. मी तिच्याकडे गेले ती भांडायच्याच तयारीनं. पण तिनंच माझ्याकडे तक्रार सुरू केली.

"बाई, त्या अनुसयेचं लेकरू कायचं बनलं हाय? म्या सकारी बसवाव अन् दोन दिसानं पायाव त डोस्कं खाली. असं वांड लेकरू म्या पायलं नाही."

डॉक्टर बाईंजवळ मीही त्या बाळाची हीच तक्रार करत होते. एकीकडून डॉक्टर बाई आणि मी, दुसरीकडून भागाबाई, असं पंधरा दिवस एकाच लेकराला दोन दिशांना ढकलणं चाललं होतं, आणि ते बिचारं दोन्हीकडचं अर्धं अर्धं ऐकून मधोमध आडवं झालं होतं.

भागाबाईचा समज असा. बाळ पोटात बसलेलं असतं. बाळंतपणाच्या दिवशी ते आपण होऊन कोलांटी मारतं आणि खाली येतं. त्याच्या आधीच डोकं खाली राहिलं तर रक्त डोक्यात उतरतं, लेकरू मंद होतं. म्हणून आठव्यापासून त्याला बसवत राहायचं. ही रीत तिच्या आईची, आजीची. यात खोट अशी, की सैल नसलेल्या पोटातली बाळं तिनं बसवल्यावर ती घरी पोचेपर्यंत पुन्हा डोकं खाली घेत असणार. दिवस आला की तिला डोकं खालीच लागे आणि ती म्हणे, पाहा, मारली कोलांटी.

मी तिला 'हे चूक आहे' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर गिरजाबाईंचं दार कायमचं बंद झालं असतं. मी एवढंच म्हटलं, माझ्याबरोबर दोन घरी चला आणि नुसता हात ठेवून पाहा.

पहिलं घर शाळामास्तरांचं. त्यांच्या बायकोचं माहेर तुमसरचं, नववा लागलेला, आणि सुईणीचा हात लावून घ्यायचा नाही असा तिचा बाणा. माझ्या शब्दाखातर ती तयार झाली. भागाबाईनं हात ठेवला आणि चमकून माझ्याकडे पाहिलं.

"हिले कोनं उलटं केलं?"

कोणीच नाही, मी म्हणाले. भागाबाईनं मास्तरीणबाईंना विचारलं, कुठं दुखतं का, घेरी येते का. त्या म्हणाल्या, काही नाही, फक्त भूक फार लागते.

दुसरी बाई नुकतीच बाहेरगावच्या कामावरून परतलेली मजूर. तिच्या पोटाला तोपर्यंत ना माझा हात लागला होता, ना भागाबाईचा. तिथंही डोकं खालीच. भागाबाईनं दोनदा चाचपलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मंग म्या जलमभर काय बसवलं?"

मी तिला म्हटलं, जलमभर तुम्ही बाळं झेलली, ती तर खरीच आहेत ना.

त्या दिवसापासून तेल बंद झालं. पण पोट इतकं सैल झालं होतं, की बाळ आता कोणी हात न लावताही डोलत राहिलं. हाटाच्या दिवशी डॉक्टर बाईंनी नीट योजना सांगितली. कळा सुरू व्हायची वाट पाहायची नाही. घरी कळा आल्या आणि नेमकं तेव्हा बाळ आडवं असलं तर संपलं. दिवस भरले की भंडाऱ्याला भरती व्हायचं. तिथं बाळ फिरवायचं, डोकं खाली धरून ठेवायचं, आणि तसंच धरलेलं असताना पाणमोट फोडायची. पाणी गेलं की बाळाला फिरायला जागा उरत नाही, डोकं खाली रुततं. मग कळा आणायच्या. न जमलं तर सिझर, तयारी बाजूलाच.

गिरजाबाईंनी अट घातली, भागाबाई बरोबर गेली तर सून जाईल. आणि भागाबाई म्हणाली, मी जाते.

शेतात लवकर पिकणारं हलकं धान कापणीला आलं होतं. सदाशिव विळा टाकून आला. आम्ही सगळे तुमसरहून भंडाऱ्याच्या बसमध्ये बसलो. भागाबाई माझ्या शेजारी होती. वाटेत तिनं खिडकीबाहेर पाहत विचारलं, "बाई, त्या नाल्यापल्याडच्या पोरीच्या पोटावर बी म्याच हात ठेवला होता. थे माह्यानंच झालं का?"

मी सांगितलं, मला माहीत नाही. काही बाळं कोणी हात न लावताही आडवी असतात.

"अन् तशी नसन त?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण ते तिला कळलं असतं. बस मोहाडीला थांबली तेव्हा ती उतरून पाणी पिऊन आली, आणि माझ्याशेजारची जागा सोडून अनुसयेच्या शेजारी जाऊन बसली.

दवाखान्यात तपासलं तर बाळ आडवंच. ऑपरेशनच्या संमतीचा कागद आला. सदाशिवनं तो हातात घेतला आणि माझ्यासमोर धरला. मी त्याला ओळ न् ओळ वाचून दाखवली आणि सांगितलं, यात नसबंदीचं काही नाही, असतं तर मी स्वतः फाडला असता. त्यानं सही केली. गिरजाबाई व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसल्या.

आत डॉक्टर बाईंनी सुरुवात केली. एक प्रयत्न, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. ठोके बिघडले किंवा बाळ फिरलं नाही, तर लगेच सिझर. पण अनुसयेचं पोट पाट्यासारखं ताठ झालं होतं. चारी बाजूंना अनोळखी माणसं, डोक्यावर मोठा दिवा, ट्रेमध्ये हत्यारं. डॉक्टर बाई सांगत होत्या, अंग सैल सोड. ती सोडत नव्हती. कोणालाही ते सांगून सोडता येत नाही. डॉक्टर बाईंनी हात काढले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या ऑपरेशनचं बोलणार, हे मला कळलं.

मी म्हणाले, "मॅडम, तिची सुईण बाहेर आहे. ती असली तर पोट सैल पडेल असं वाटतं."

डॉक्टर बाईंनी विचारलं, "हीच ना, बाळ वर बसवणारी?"

"हीच."

"हात धुऊन घ्या तिचे. गाऊन घाला."

सिस्टरनं भागाबाईचे हात साबणानं घासले. मग आणखी घासले. गोंदण सिस्टरला मळ वाटत होतं.

"हे माह्या लग्नाच्या आंदीचं हाय, माय," भागाबाई म्हणाली. "सरकारी साबनानं नाही निंगत."

हिरवा गाऊन, तोंडाला फडकं, अशी ती आत आली. अनुसयेनं तिला ओळखलंच नाही. मग भागाबाईनं पोटावर हात ठेवला, आणि तो हात तिनं ओळखला.

"पोट सोड वो. तुह्या नवऱ्याचं डोस्कं केवढं होतं ठावं हाय? कोहळा. थे म्या काढलं. हे त लिंबू हाय."

अनुसयेला हसू आलं. रडता रडता हसली, आणि हसताना पोट सैल झालं.

डॉक्टर बाईंनी पुन्हा पोटावर हात ठेवले. डोकं उजव्या कुशीतून खाली सरकायला लागलं. वरच्या बाजूनं भागाबाईनं आधार द्यायचा होता. तेवढ्यात तिचे हात थांबले.

"बाई," ती मला म्हणाली, "माहे हात उलटे जाऊन राह्यले. सवय हाय. तू धर."

ठोके मोजायची नळी मी सिस्टरकडे दिली आणि माझे हात तिच्या हातांवर ठेवले. आम्ही दोघींनी मिळून ढुंगण डाव्या कुशीतून वर ढकललं. पंधरा दिवस एकमेकींविरुद्ध चाललेले सगळे हात पहिल्यांदा एका दिशेनं चालले. हाताखाली एक मोठी लाट सरकल्यासारखं झालं, आणि डॉक्टर बाई म्हणाल्या, "आलं. सोडू नका."

आम्ही सोडलं नाही. डॉक्टर बाईंनी पाणमोट फोडली, पाणी एकदम न सोडता हळूहळू जाऊ दिलं. नाळ खाली घसरलेली नाही ना, ते पाहिलं. सिस्टरनं ठोके सांगितले, एकशे अडतीस. डोकं खाली रुतलं. भागाबाईला हात काढायला सांगितलं तरी ती काढेना. "फिरलं त?" नाही फिरत आता, डॉक्टर बाई म्हणाल्या. "तरी बी," ती म्हणाली आणि पुढच्या चार कळा तशीच धरून राहिली.

दिवेलागणीच्या आत अनुसया बाळंत झाली. तिसरं, पहिल्या दोघांसारखंच, सरळ. मुलगी, वजन तीन किलोला थोडं कमी. रडली ती पहिल्या श्वासालाच, आणि अशी रडली की व्हरांड्यातले दोघं उभे राहिले. डॉक्टर बाई मला म्हणाल्या, "हे बाळंतपण कोणाच्या नावावर धरायचं?" मी म्हणाले, तुमच्या. भागाबाई म्हणाली, "अनुसयेच्या. कळा तिनं देल्या."

गिरजाबाईंना आत सोडलं तेव्हा त्यांनी आधी नात पाहिली नाही. सुनेचं लुगडं बाजूला करून पोट पाहिलं. वरून खाली, एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत. टाका नाही, चीर नाही. मग त्यांनी लुगडं नीट झाकलं, खाली बसल्या आणि नात मांडीवर घेतली. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "बाई जी, जेवल्या का तुमी?" त्यांच्याकडून माफी म्हणून मला तेवढं पुष्कळ होतं.

पुढे गावात दोन बदल झाले. एक, आठव्या महिन्यातल्या बायका आपण होऊन उपकेंद्रावर यायला लागल्या, कारण 'बाईनं नेलं अन् कापलं नाही' ही बातमी आजूबाजूच्या टोल्यांवर पोचली होती. दुसरा बदल भागाबाईचा. ती अजूनही पोटांवर हात ठेवायची, पण आता फिरवायची नाही. निरोप पाठवायची. "बाई, खालच्या टोलीवर एक लेकरू बसून राह्यलं हाय, येऊन पाय." पूर्वी जे तिचं काम होतं, तीच आता तिची तक्रार होती. माझी बदली होईपर्यंत आणखी आडवी बाळं निघाली, काही फिरली, दोघींचं सिझर झालं. पण बाजेवर घालून, हात बाहेर आलेला, असं एकही आलं नाही. हे मात्र मी मोजलेलं आहे.

गेल्या वर्षी एका लग्नासाठी त्या गावात गेले होते. भागाबाईला आता नीट दिसत नाही. अंगणात बाजेवर बसली होती. मी हात पुढे केला तर तिनं बोटं चाचपून मला ओळखलं. समोर अनुसयेची मुलगी दुसऱ्या मुलींबरोबर लंगडी खेळत होती. चौथीत आहे, शाळेत एका जागी थांबत नाही अशी मास्तरांची तक्रार. आवाजावरून भागाबाईला कळलं मी कोणाकडे पाहते आहे ते.

"हिले म्या पंधरा दिस बसवलं," ती म्हणाली. "नाही बसली त नाहीच बसली. बरं झालं वो."